नोंदवहीपलीकडची मंडळी

ज्याचा बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि यथाकाल दफनही एकाच दफ्तराच्या निरनिराळ्या पानांवर नोंदले जावयाचे आहे, जो दर रविवारी ठरलेल्या बाकावर ठरलेल्या शेजाऱ्यांच्या संगतीत उपासनेला बसतो, आणि ज्याच्या पाळकाला त्याच्या आजोबांचेही नाव ठाऊक आहे, अशा माणसाला आपले म्हणावे असे कोणी नाही ही खंत मनात वागवावी लागावी, हे बाहेरून पाहणाऱ्याला विलक्षण वाटेल. परंतु आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांत ज्यांचा वावर आहे त्यांना ही गोष्ट नवी नाही. नगर-जालन्याकडून पोटासाठी पिंपरी-चिंचवडला आलेले कुटुंब वर्षानुवर्षे एकाच चर्चमध्ये जाते, वर्गणी देते, नाताळच्या कार्यक्रमात मुलांना उभे करते, आणि घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला म्हणजे मात्र रात्री उशाशी बसावयाला शेजारचा परधर्मीयच धावून येतो. वसईतल्या वाडीवर मुलेबाळे परदेशी गेलेली म्हातारी मिस्सा चुकवीत नाही, पण मिस्सेहून परतताना तिच्याशी चार शब्द बोलणारे कोणी असतेच असे नाही. आणि याच्या उलट बाजूला, बाप्तिस्मा न घेतलेले, घरच्यांना न दुखवता येशूचे चरित्र मनोभावे वाचणारे, संकटात त्याचे नाव घेणारे किती तरी लोक महाराष्ट्रात आहेत, ज्यांना कोणत्याही मंडळीच्या उंबरठ्याच्या आत जागा नाही, कारण त्यांच्या नावाची नोंद कोठे करावी हेच कोणाला सुचत नाही.

ही दोन दुःखे वस्तुतः एकच आहेत असे माझे मत आहे. आत बसलेला एकाकी आणि बाहेर उभा असलेला एकाकी, या दोघांमध्ये जी भिंत आहे ती श्रद्धेची कमी आणि व्यवस्थेची अधिक आहे. आणि ती कशी उभी राहिली हे पाहिल्यावाचून ती उतरवण्याची भाषा बोलणे व्यर्थ होय.

इसवी सन १८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईस उतरले आणि पुढे १८३१ पासून अहमदनगर हे त्यांच्या कार्याचे मोठे ठाणे झाले. त्या काळी जो कोणी बाप्तिस्मा घेई त्याला घर, गाव, विहीर आणि नातीगोती या सर्वांना एकाच दिवसात मुकावे लागे. मग त्याला छप्पर कोण देणार? मिशन कंपाउंडाने ते दिले. शाळा, दवाखाना, बोर्डिंग, नोकरी, लग्न जुळवणे, तंटे मिटवणे, सारे काही त्या कुंपणाच्या आत होई. त्या व्यवस्थेचे उपकार मानल्यावाचून तिची चिकित्सा करणे कृतघ्नपणाचे ठरेल, कारण तिच्यामुळेच गावकुसाबाहेरच्या हजारो घरांत पाटी-पेन्सिल आली. परंतु पगार देणारा हात आणि बंधुत्व शिकवणारा हात एकच असल्यामुळे त्या बंधुत्वात आरंभापासून मालक आणि आश्रित असा एक अव्यक्त भेद राहिला, आणि मिशनरी मायदेशी परतल्यानंतर मागे राहिल्या त्या जमिनी, इमारती, विश्वस्तपत्रे आणि मुखत्यारपत्रे. आज पुष्कळ ठिकाणी मंडळीचे उत्तम डोके आणि उत्तम वेळ या मालमत्तेच्या वहिवाटीत, कमिटीच्या निवडणुकीत आणि दिवाणी दाव्यांच्या तारखांत खर्च होतो. जो माणूस एका बाजूचा साक्षीदार म्हणून कोर्टात उभा राहिला, तो दुसऱ्या बाजूच्या माणसाच्या शेजारी प्रभुभोजनाला गुडघे टेकतो खरा. पण त्या दोघांच्या घरांतील जाणे-येणे बंद झालेले असते.

जातीचे दुखणे याहून खोल आहे. नगर जिल्ह्यातील महार आणि मांग समाजांतून जे लोक एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती झाले त्यांना समतेच्या भुकेनेच या वाटेवर आणले होते. तरीही अनेक ठिकाणी त्यांच्या वस्त्या वेगळ्या राहिल्या, सोयरिकी जुन्याच रेषांनी होत राहिल्या, आणि ब्राह्मणांतून आलेल्या मोजक्या घराण्यांचे कौतुक मंडळीत आजही जरा अधिकच होते. राज्यघटनेखालील १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती दलितांना मात्र आजतागायत मिळालेला नाही. हा अन्याय आहे आणि तो दूर झालाच पाहिजे असे मी निःसंकोचपणे म्हणतो. परंतु सरकारदरबारी आपण ज्या भेदाचे पुरावे सादर करतो, तोच भेद आपल्या मुलीचे स्थळ शोधताना आपण स्वतः पाळत असू, तर त्या कैफियतीतला आपला आवाज दबका होतो हेही सांगितले पाहिजे.

या अडचणींना मराठी माणसांनी पूर्वी तोंड दिलेले नाही असे नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव सर्वांना कवी म्हणून ठाऊक आहे. पण सहवासाचा जो प्रश्न मी येथे मांडतो आहे त्यावर त्यांच्याइतका विचार आणि त्यांच्याइतका प्रयोग महाराष्ट्रात क्वचितच कोणी केला असेल. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. त्यांनी आपल्या माणसांत, पंढरपुरास आणि अन्यत्र, विरहाची वर्षे काढली, पुढे पतीकडे आल्यावरही बराच काळ आपले सोवळे सांभाळले, आणि राहुरीस असताना, जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या मनाशी शोधून, कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर घेतला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या असंख्य मराठी वाचकांनी त्या प्रसंगाकडे एका स्त्रीच्या मनःपरिवर्तनाची कथा म्हणून पाहिले आहे. मला त्यात असे दिसते की पंगत आधी मोकळी झाली आणि नोंद मागून झाली. मंडळी आज बहुधा उलट क्रमाने चालते: नोंद आधी होते, आणि पंगत कधी होते कधी होत नाही.

टिळकांचे नगरचे घर हे त्या काळी एक निराळेच स्थान होते. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, त्या घरात राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखे वागवले, आणि त्यांनी ख्रिस्ती व्हावे अशी अट त्या मायेला कधी जोडली गेली नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले तेव्हा त्या ख्रिस्ती घराने आपला मुलगा गेल्याचे दुःख भोगले. कोणत्याही मंडळीच्या वार्षिक अहवालात न बसणारे हे नाते होते, आणि तरी त्या दशकातील मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातून जे दोन-चार प्रसंग मी पुढच्या पिढीसाठी राखून ठेवीन त्यांत हा एक असेल.

या अनुभवातूनच, असा माझा तर्क आहे, १९१७ साली टिळकांचा निर्णय पिकला. मिशनची पगारी सेवा सोडून ते साताऱ्यास गेले, संन्यस्त वृत्ती पत्करली, आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांचे एक बंधुमंडळ ‘देवाचा दरबार’ या नावाने स्थापन केले. मंडळीशी त्यांनी वैर धरले नाही. ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे राहिले. त्यांना एवढेच हवे होते की ज्याला येशूच्या पायाशी बसावयाचे आहे त्याने आधी आपले आडनाव, आपला वेष, आपली भजने आणि आपले आईबाप दाराबाहेर ठेवून यावे असा हुकूम कोणी काढू नये. टाळ, अभंग, कीर्तन, ही या मातीची साधने त्यांनी त्याच कारणाने जवळ केली. नगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडून ठेवली होती, आणि कीर्तनाला येऊन बसणाऱ्याचे नाव-गाव दारात विचारले जात नाही, ही त्या प्रकारातली मोठी सोय होती.

येथपर्यंतची हकीकत सांगून थांबलो, आणि टिळकांप्रमाणे कुंपणाबाहेर पडा म्हणजे खरे बंधुत्व सापडेल असा उपदेश केला, तर लेख वाचकाला गोड लागेल. पण तो सत्यास धरून होणार नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले, दरबाराला अवघी दोन वर्षेही नीट लाभली नाहीत, आणि त्यांच्यामागे तो लवकरच विस्कळित झाला. ज्याचे सारे बळ एका विभूतीच्या सान्निध्यात होते, ज्याला ठाम नियम, ठराविक भेटीचा वार, वारसाची व्यवस्था यांपैकी काही पक्के नव्हते, ते त्या विभूतीबरोबर निघून गेले. आज जे तरुण मला सांगतात की चर्चच्या कटकटीत पडण्यापेक्षा आम्ही पाच मित्र एखाद्या घरी जमून प्रार्थना करतो तेच बरे, त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. परंतु त्या पाचांतल्या एकाची बदली झाली, दुसऱ्याचे लग्न झाले, तिसऱ्याशी रुसवा झाला, म्हणजे उरलेल्या दोघांनी कोठे जावे? माणसे बदलत असताना जागा न बदलणे हे संस्थेचे काम आहे, आणि ते काम लहान नाही.

पंडिता रमाबाईंनी हे ओळखले होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे, जेथे मठवासिनींच्या आश्रयाला त्या राहिल्या होत्या, त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु बाप्तिस्म्याबरोबर आपली विवेकबुद्धी कोणा बिशपाच्या स्वाधीन करावयाची त्यांनी साफ नाकारली, आणि ज्या भगिनींवर त्यांचे मनापासून प्रेम होते त्यांच्याशीही या प्रश्नावर वर्षानुवर्षे पत्रांतून वाद घातला. मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. तेथे प्रथम आलेल्या विधवांपैकी गोदूबाई या शिकल्या, वाढल्या, १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला, आणि त्या हिंदूच राहिल्या. पुढे १८९६ पासून कर्व्यांनी विधवांसाठी जे काम उभारले, ज्याची मुळे हिंगण्याच्या माळावर रुजली, त्यामागे शारदा सदनाचे उदाहरण गृहिणीच्या रूपाने त्यांच्या घरातच नांदत होते. त्याच १८९३ साली, तोवर पुण्यास हललेल्या सदनातील मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात या कारणावरून पुण्यात वादळ उठले, न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांनी सल्लागार समितीतून अंग काढून घेतले, पालकांनी मुली नेल्या. रमाबाई एका बाजूने चर्चच्या अधिकाऱ्यांना पुरेशा आज्ञाधारक वाटत नव्हत्या आणि दुसऱ्या बाजूने पुण्याला अतिशय ख्रिस्ती वाटत होत्या. म्हणजे ज्यांचा त्यांना आधार वाटावा अशी दोन्ही दारे त्या वर्षांत अर्धीच उघडी होती.

त्यांनी उत्तर दिले ते केडगावच्या मुक्तिसदनाने. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली-बाया उचलून आणल्या, शतक पालटताना तेथील वस्ती दीड हजाराच्याही वर गेली. विहिरी खणल्या, शेते कसली, हातमाग आणि छापखाना चालवला. त्यांनी मूळ भाषांवरून केलेले बायबलाचे मराठी भाषांतर तेथल्याच बायकांच्या हातांनी छापले गेले. ज्यांना समाजाने पतित म्हणून टाकले त्यांच्यासाठी कृपासदन झाले, अंध मुलींसाठी वेगळी सोय झाली आणि रमाबाईंची कन्या मनोरमा हिने त्यांना ब्रेल लिपी शिकवली. निरनिराळ्या जातींच्या मुली एकाच शेतात राबल्या, एकाच चुलीवरचे जेवल्या, आणि कोणत्याही एका ख्रिस्ती पंथाच्या ताब्यात हे घर रमाबाईंनी दिले नाही. १९२२ साली त्या निवर्तल्या. मुक्तिसदन मात्र आजही केडगावात आहे. टिळकांच्या दरबारात जे मोकळेपण होते ते येथे तितके नव्हते, हे मी मान्य करतो. तेथली शिस्त कडक होती आणि धर्माचा आग्रह स्पष्ट होता. पण तेथे छप्पर होते, धान्याचे कोठार होते, कामाची वाटणी होती, आणि म्हणून संस्थापिकेच्या मृत्यूनंतर ते उघड्यावर पडले नाही.

दरबाराचे मोकळेपण आणि मुक्तीचे छप्पर यांचा मिलाफ करता येईल काय, हा प्रश्न महाराष्ट्रात एकदा तरी गंभीरपणे हाताळला गेला आहे. जे. सी. विन्सलो हे इंग्रज धर्मोपदेशक टिळकांच्या विचारांनी इतके भारावले होते की त्यांनी १९२३ साली टिळकांचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला होता, ज्यात भारतीय आणि इंग्रज यांनी एकाच पंगतीला, एकाच साध्या राहणीने राहावे असा नेम होता. पुढे पुण्यास शिवाजीनगर भागात त्याचा आश्रम झाला, व्हेरिअर एल्विन तरुणपणी तेथे येऊन राहिले, संघात मतभेद झाले, फाटाफूट झाली. पण जागा राहिली. आणि १९७२ साली त्या जागेत दोन निराळ्या पंथांच्या भगिनी एकत्र नांदू लागल्या: एक रोमन कॅथलिक, सेक्रेड हार्ट संघाच्या, आणि दुसऱ्या अँग्लिकन, त्याच वाँटेजच्या संघाच्या, ज्याच्या छत्राखाली रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला होता. शांकर वेदान्ताच्या साक्षेपी अभ्यासक सारा ग्रँट यांनी तेथे दीर्घकाळ आचार्या म्हणून काम केले. उपनिषदे आणि शुभवर्तमान एकाच प्रार्थनेत वाचली जात, आणि येणाऱ्या हिंदू पाहुण्याला आपण परक्या घरी आलो असे वाटू नये याची काळजी घेतली जाई. चर्चमधील पुष्कळांना हे रुचले नाही. मला ते रुचते, कारण रमाबाई आणि वाँटेजच्या भगिनी यांच्यातला जो वाद पत्रांतून कधीच मिटला नाही, त्याचे काहीसे समाधान नव्वद वर्षांनी पुण्याच्या एका स्वयंपाकघरात झाले असे मला वाटते.

याउलट, १९७० साली नागपुरात सहा प्रॉटेस्टंट पंथांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केली, ही घटना इतिहासाच्या दृष्टीने केवढी तरी मोठी होती. पंथांच्या सीमा अशा स्वखुशीने पुसल्या जाणे जगात दुर्मिळ आहे. परंतु सहा दफ्तरे एक झाली तरी सहा प्रकारच्या पंगती पुष्कळ गावांत सहाच राहिल्या, हे आमच्यापैकी कोणाला नाकारता येईल? वरून झालेल्या ऐक्याची जी काही सार्थकता, ती खाली कोणी कोणाच्या घरी जातो यावरच अवलंबून असते.

वसईचे उदाहरण यासाठीच मला उद्धृत करावेसे वाटते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जेव्हा त्या हिरव्या पट्ट्यावर बेसुमार बांधकामाचे संकट आले, टँकरने विहिरी उपसल्या जाऊ लागल्या आणि गुंडगिरीने लोकांची तोंडे बंद केली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसई संरक्षण समितीच्या रूपाने पुढे आले. त्या लढ्यात ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते. पाणी सर्वांचे जाणार होते. एकाच रस्त्यावर एकत्र बसलेल्या, एकत्र लाठ्या खाण्याच्या तयारीने आलेल्या माणसांना एकमेकांच्या धर्माची ओळख करून देण्याची वेगळी योजना आखावी लागली नाही. फादर दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ या मासिकाचेही दीर्घकाळ संपादन केले, मराठी साहित्याच्या मुख्य प्रवाहाशी त्याचे नाते जोडले, आणि २०२० साली उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान भूषविले. २०२४ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्यासाठी हळहळणाऱ्यांत मंडळीबाहेरची माणसे फार मोठ्या संख्येने होती. ते अखेरपर्यंत चर्चच्या आज्ञेत राहिलेले धर्मगुरू होते ही गोष्ट येथे विसरून चालणार नाही. चर्चने त्यांना घर दिले, आणि घर असल्यामुळेच त्यांना बाहेर इतके दूर जाता आले.

महाराष्ट्रात आमची संख्या शेकडा एकाच्या आसपास आहे. एवढ्या अल्प संख्येच्या समाजाला भीती वाटणे स्वाभाविक आहे, आणि हल्ली प्रार्थनेला जमलेल्या लोकांकडे संशयाने पाहिले जाण्याचे प्रकार वाढल्यामुळे ती भीती अकारणही नाही; दार उघडे ठेवा म्हणणाऱ्याला, उद्या त्या दारातून कोण आत येईल, असा प्रश्न विचारला जातो. मी त्या प्रश्नाची थट्टा करणार नाही. पण बंद दारामागेही आम्ही एकमेकांना ओळखत नाही हे कटू सत्य आहे, आणि ज्या शेजाऱ्यांनी आमच्या घरचे मीठ खाल्ले आहे तेच संकटाच्या दिवशी आमच्या बाजूने साक्ष देतील, एवढे व्यावहारिक शहाणपण तरी आम्ही बाळगले पाहिजे.

म्हणून माझी सूचना साधी आहे आणि तिला नवा निधी लागत नाही. प्रत्येक मंडळीच्या वार्षिक सभेपुढे चिटणीस जमाखर्च ठेवतो, खजिनदार शिल्लक सांगतो, दाव्यांची स्थिती वाचली जाते. त्याच सभेत त्याच गांभीर्याने आणखी एक कैफियत वाचली जावी: या वर्षी मंडळीतले किती आजारी एकटे राहिले, किती घरी पाळकाखेरीज कोणीच गेले नाही, निराळ्या जातीच्या घरांत किती सोयरिकी झाल्या, प्रभुभोजनानंतर सर्वांचे एकत्र जेवण किती वेळा झाले आणि ते कोणाच्या हातचे होते, बाप्तिस्मा न घेतलेली किती माणसे आपल्याबरोबर प्रार्थनेला बसली आणि त्यांच्यापैकी कितींच्या घरी आपण गेलो. वसई-मुंबईकडच्या अनेक कॅथलिक धर्मग्रामांत वीस-पंचवीस घरांचे लहान गट आधीच आहेत, त्यांना ही माहिती जमवणे कठीण नाही; प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वडीलजनांची वहिवाट आहे, त्यांनी आपापल्या आळीची जबाबदारी घ्यावी. पहिल्या वर्षी हे आकडे लज्जास्पद निघतील. कमिटीतील काहीजण ते इतिवृत्तात घेण्यास विरोध करतील, आणि त्यांचे कारण ऐकून घ्यावे. पण आकडे इतिवृत्तात घ्यावेत, आणि पुढच्या वर्षी त्याच ओळीखाली नवे आकडे लिहावेत.